घार वर, समिती खाली

नांदेडात हेल्मेट न घालण्याची कारणं डोक्यांइतकीच आहेत. कुणाला घाम येतो, कुणाचे केस गळतात, कुणाचे गळून झालेले असतात. "इथं चौकापर्यंत जायचंय, त्याला कशाला टोप?" असं म्हणत माणसं भोकरपर्यंत जाऊन येतात. अशा गावात पावत्यांना, प्रभातफेऱ्यांना आणि यमराजाचा वेष घालून चौकात उभ्या राहणाऱ्या पोरांना जे जमलं नाही, ते आमच्या कॉलनीतल्या बागेत एका घारीनं आठवडाभरात करून दाखवलं. सकाळी सहाला येऊन बघायला हवं होतं. माणूस उघड्या डोक्यानं मोटारसायकलवरून येतो, गाडी फाटकाशी लावतो, डिकीतून हेल्मेट काढतो, पट्टा नीट आवळतो आणि मग पायी फिरायला आत शिरतो. फिरून झालं की हेल्मेट परत डिकीत आणि उघड्या डोक्यानं घरी.

बागेच्या कोपऱ्यातल्या उंच निलगिरीवर घारीनं घरटं बांधलं होतं. आपल्याकडं घारी जानेवारी-फेब्रुवारीत संसार मांडतात. अंडी दोन-तीन. ती महिनाभर उबवायची, मग पिलं अंगानं भरून उडेपर्यंत आणखी दीड-दोन महिने राखण. हा सगळा काळ तिच्या लेखी निलगिरीखालून जाणारा प्रत्येक जण अंडीचोर असतो. ती समोरून येत नाही. मागून, पंखांचा आवाजही न करता येते, टाळूवरून पंजा घासते आणि निघून जाते. आपण दचकून वर बघावं तर बाई फांदीवर बसून पिसं साफ करत असतात. झाल्या प्रकाराशी आपला काडीचा संबंध नाही, असा चेहरा.

हल्ला दुसऱ्यावर झाला की त्यामागचं कारण सगळ्यांना लगेच सापडतं. योगासनवाल्या गुरुजींनी तर सिद्धांतच मांडला होता, "मुकं पाखरू आहे. त्याला माणसाच्या मनातलं पाप कळतं." दुसऱ्या दिवशी घारीनं गुरुजींची माकडटोपी उचलून नेली आणि सिद्धांत बदलला. "थंडीच्या दिवसांत त्यांना लोकर लागतेच," गुरुजी म्हणाले.

माझं टक्कल या घारीच्या विशेष मर्जीतलं आहे. माझ्या मागून चालणाऱ्यांना त्यामुळं अगदी निर्धास्त वाटतं. "तुम्ही पुढं व्हा, सर" हा आदर नोकरीच्या सबंध काळात मला कुणी दाखवला नव्हता.

हा पक्षी कोणता, यावर सुरुवातीला बरंच रण माजलं. सचखंड हजूर साहिब ज्या गावात आहे, तिथं गुरू गोविंदसिंगांच्या हातावरचा बाज पाहतच माणसं लहानाची मोठी होतात. त्यामुळं शिकारी पक्ष्याच्या बाबतीत आमच्या गावात विद्यार्थी कुणीच नाही, सगळे प्राध्यापक. एक म्हणाला बाज, दुसरा म्हणाला ससाणा, तिसऱ्यानं थेट गरुडावर बोट ठेवलं. मी भीत भीत म्हटलं, "शेपटी मधोमध दुभंगलेली आहे, बघा. आणि ती थरथरती लांब शीळ. ही आपली साधी घार."

सगळ्यांचे चेहरे पडले.

"घारीसाठी कोण समिती करतंय?" एक जण म्हणाला. "गरुड असता तर पालकमंत्री आले असते."

तेवढ्यात मला जनाबाई आठवल्या म्हणून निभावलं. आकाशात हिंडूनही पिलांवर लक्ष ठेवणारी घार त्यांच्या अभंगात आहे, आणि जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे आपल्याच गोदाकाठच्या. सातशे वर्षांची शेजारीण आहे ही! हे ऐकल्यावर घारीचा भाव वधारला आणि त्याच संध्याकाळी 'घार संवर्धन व निरीक्षण समिती' स्थापन झाली. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, कोषाध्यक्ष, मार्गदर्शक आणि प्रसिद्धिप्रमुख असे सगळे निवडले गेले. नुसता सदस्य व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं. मुलानं पुण्याहून आणलेली दुर्बीण माझ्याकडं असल्यामुळं मला सचिव केलं. सचिव म्हणजे चहा सांगणारा.

पहिल्या बैठकीत एकच विषय होता, फ्लेक्स. तो निलगिरीलाच खिळे मारून लावायचा, असं ठरत होतं. खिळा मारायला झाडाखाली जावं लागेल, हे लक्षात आल्यावर सगळ्यांना एकदम वृक्षप्रेम सुचलं आणि फ्लेक्स कुंपणाला बांधायचं ठरलं. फ्लेक्सवर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, वरच्या रांगेत प्रेरणास्थानं, मध्ये प्रभागाचे 'भावी नगरसेवक' गॉगल लावून, आणि उरलेल्या कोपऱ्यात पक्षी. फ्लेक्सवाल्या पोरानं तो इंटरनेटवरून उचललेला. अमेरिकेच्या राजमुद्रेवर असतो तो पांढऱ्या डोक्याचा गरुड.

"डोकं पांढरं कामून आहे हिचं?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"वय झालं असंल," अध्यक्ष म्हणाले आणि फ्लेक्स मंजूर झाला.

मार्चातल्या एका वावटळीनं तो फाटला. चार दिवसांनी मी दुर्बीण लावली, तर घरट्याच्या काठावरून एक पट्टी लोंबताना दिसली. काटक्या, एक वायर, सुतळीचा गुंता, गुरुजींची टोपी आणि त्या सगळ्यातून खाली आलेली चकचकीत पट्टी. पट्टीवर 'भावी' एवढी अक्षरं आणि गॉगलची एक काच. घारीला चिंध्या, प्लास्टिक, कागद असलं सामान घरट्यात आणून लावायची हौसच असते. स्पेनमधल्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात संशोधकांनी या हौसेचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये तो 'सायन्स' या साप्ताहिकात छापून आला. त्यातून निघालं ते असं, की जी जोडी दणकट ती जास्त पांढरं प्लास्टिक लावते. बाकीच्या घारींना तो इशारा असतो : हा इलाका आमचा आहे, इकडं फिरकायचं काम नाही. फ्लेक्स लावण्यामागचं हे शास्त्र आपल्या पुढाऱ्यांना स्पेनला न जाताच कळलेलं आहे.

मी ही बातमी भीत भीतच भावी नगरसेवकांना सांगितली. वाटलं, चिडतील. ते एकदम हळवे झाले. "जनतेच्या आधी पाखरानं कौल दिला," म्हणाले. त्या दिवसापासून ते दुर्बिणीतून घरट्याकडं बघत नाहीत, स्वतःच्या गॉगलकडं बघतात.

दुर्बिणीचं प्रकरण मला भोवलं ते वेगळंच. घरटं ज्या उंचीवर, बरोबर त्याच उंचीवर पलीकडच्या इमारतीचा तिसरा मजला. तिथल्या वहिनी एक दिवस आमच्या घरी आल्या. हातात हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं.

"तुमचे साहेब रोज सकाळी आमच्या गॅलरीकडं काय बघायलेत?"

"घार बघायलेत," आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या. "त्यांना चष्मा लावूनही ताटातलं मीठ दिसत नाही. तुम्ही निर्धास्त ऱ्हावा."

मी निर्दोष सुटलो, पण ज्या युक्तिवादावर सुटलो तो काही मनाला लागायचा राहिला नाही. तेव्हापासून मी निरीक्षणाला जाताना पक्ष्यांचं पुस्तक छातीशी धरून जातो. आरोपीनं गीता धरावी तसं.

समितीतल्या महिला आघाडीला काळजी होती ती वेगळीच. लेकुरवाळी बाई आहे, खाते काय? एक काकू भाकरी कुस्करून ठेवू लागल्या. दुसऱ्या काकूंनी डिंकाच्या लाडवाचा विषय काढला. "बाळंतीण आहे ती," त्यांचं म्हणणं. घारीनं भाकरीकडं पाहिलंही नाही. ती कावळ्यांनी खाल्ली. भाकरीच्या निमित्तानं आलेल्या कावळ्यांनी मग घरट्यातल्या अंड्यांकडं मोर्चा वळवला. घारीच्या अंड्यांवर टपलेला खरा चोर कावळाच, आणि त्याला आम्ही रोज सकाळी पाट मांडून बोलावत होतो. घारीचा स्वतःचा बंदोबस्त पक्का होता. उंदीर, सरडे, मेलेलं काहीबाही आणि रविवारी कोषाध्यक्षांच्या पिशवीतलं मटण. पिशवी खाली पडली, मटण वर गेलं. "समितीच्या खर्चात धरा," ते म्हणाले. धरलं नाही.

एव्हाना बागेत विरोधी गटही तयार झाला होता. त्यांची मागणी एका ओळीची, झाड तोडा. त्यांना गप्प करायला गुरुजींनी कायद्याची पुस्तकं आणली. शहरातलं झाड असं मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, त्यासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा अधिनियम आहे, परवानगी लागते. विरोधी गट नरमला. विजयाच्या भरात गुरुजी पुढं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याकडं वळले आणि 'शिकार' या शब्दाची व्याख्या खड्या आवाजात वाचू लागले. त्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही. पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्याला त्रास देणं हीसुद्धा शिकारच. गुरुजींचा आवाज हळूहळू उतरत गेला.

फांदीला सेल्फी स्टिक लावून अंड्यांचा फोटो काढू बघणारे प्रसिद्धिप्रमुख खाली बघू लागले. घारीला आशीर्वाद म्हणून झाडाखाली ढोल वाजवणारे कार्याध्यक्ष आभाळाकडं बघू लागले.

"म्हणजे आपण...?" कुणीतरी विचारलं.

"आजचं इतिवृत्त लिहू नका," अध्यक्षांनी मला सांगितलं. तो समितीचा एकमतानं झालेला पहिला आणि शेवटचा ठराव.

एप्रिलात वळवाच्या पावसात एक पिल्लू खाली आलं. तपकिरी, पिसांतून डोळेच तेवढे दिसणारं, बागेच्या बाकाखाली बसून आमच्याकडं असं बघत होतं, की जणू आम्हीच झाडावरून पडलोय. समितीत हाहाकार उडाला. कुणी हळद आणली, कुणी दूध. तेवढ्यात कॉलेजातलं एक पोरगं म्हणालं, "वजिराबादला घारींचा दवाखाना आहे की. दोघं भाऊ चालवतात. त्यांच्यावर 'ऑल दॅट ब्रीद्स' नावाचा माहितीपट निघाला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला."

नांदेडात वजिराबाद हा सगळ्यांच्या पायाखालचा भाग. पत्ता विचारायची गरजच नाही! कोषाध्यक्षांनी पिल्लू बुटांच्या खोक्यात घातलं आणि मोटारसायकलला किक मारली. पुढं काय झालं, ते त्यांनी आपण होऊन कधीच सांगितलं नाही. मागं बसून गेलेल्या पोरानं सांगितलं. औषधांच्या दुकानात विचारलं, "घारीचा दवाखाना कुठं आहे?" दुकानदारानं आधी ह्यांच्याकडं, मग खोक्याकडं पाहिलं आणि मुळव्याधीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मोबाइलवाल्यानं खोकं उघडून बघितलं आणि विचारलं, "हे कोणतं मॉडेल?" बिर्याणीवाला म्हणाला, "मालक, आम्ही फक्त चिकन घेतो." शेवटी एका चुणचुणीत मुलीनं फोनवर शोधून दाखवलं. तो दवाखाना वजिराबादलाच आहे, पण दिल्लीच्या.

"रेल्वेनं गेलं तर?" कोषाध्यक्षांनी विचारलं म्हणे. पिल्लानं त्यांच्या बोटाला चोच मारून हा विषय संपवला.

मग कुणालातरी वन विभागाचा १९२६ हा नंबर आठवला. एक माणूस आला. एकटा. फ्लेक्स नाही, हार नाही, मार्गदर्शन नाही. त्यानं पिल्लू उलटसुलट करून बघितलं, पंख धड आहेत म्हणाला, एक वेताची टोपली मागितली, तिच्या बुडाला भोकं पाडली, शिडी लावून ती घरट्याच्या जरा खालच्या फांदीला घट्ट बांधली आणि पिल्लू आत ठेवलं. "माणसाचा हात लागला की आई टाकून देते, असं काही नसतं. ती खालीच येऊन भरवंल. तुम्ही फक्त लांब ऱ्हावा." चहासुद्धा न घेता गेला. संध्याकाळी घार टोपलीच्या काठावर बसून पिल्लाला भरवत होती. समितीनं दुसऱ्या दिवशी त्या टोपलीचं उद्घाटन ठेवलं, पण वनवाल्याचं 'लांब' हे शब्दशः घेऊन फीत फाटकाबाहेर कापली.

हे सगळं मी फोनवर लातूरच्या साडूभाऊंना सांगितलं, ही मात्र गाढवचूक. लातूरकराला दुसऱ्या गावात काही चाललंय हे सहन होत नाही, आणि चाललेलं पद्धतशीर नसेल तर मुळीच नाही. "तुमच्याकडं घार असंल," ते म्हणाले, "आमच्या बागेत शिक्रा आहे. आणि आम्ही समिती-बिमिती करत नसतो. आम्ही पॅटर्न करतो."

मी मे महिन्यात बघायला गेलो. पारव्याएवढा, करड्या पाठीचा शिक्रा, बागेतल्या कडुलिंबावर घरटं, घरट्यात पिलं. खाली टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरमध्ये रकाने : वेळ, भक्ष्य, आणणाऱ्याचे नाव, शेरा. 'आणणाऱ्याचे नाव' या रकान्यात सगळीकडं 'वडील' लिहिलेलं. शिक्र्याचा नर शिकार करून आणतो, मादी घरटं सांभाळते आणि अंगानं त्याच्याहून मोठी असते. आमच्या मेहुणीला हा पक्षी मनापासून आवडलेला होता.

रजिस्टरची पहिली पानं मात्र रद्द करावी लागली होती. पावशा हा कोकीळकुळातला पक्षी दिसायला आणि उडायला हुबेहूब शिक्र्यासारखा. छोटी पाखरंसुद्धा फसतात. साडूभाऊंच्या निरीक्षकांनी त्याच्याच मागं दुर्बिणी लावून पानं भरली. शेवटी एक शेतकरी आजोबा म्हणाले, "अहो, हे तर 'पेरते व्हा' म्हणायलंय. शिक्रा कवापासून पेरणी सांगाया लागला?"

लातूरची दुसरी जागरूकता पाण्याची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. तहानेच्या बाबतीत ते हळवं असणारच. गंजगोलाईच्या बाजारातून मातीची परळं आणून झाडाभोवती मांडली होती. घरी नळ कधी येणार याचा पत्ता नाही, परळं मात्र काठोकाठ. आता शिक्र्याला बरंचसं पाणी त्याच्या भक्ष्यातूनच मिळतं, हे कुणी सांगावं? शेजारच्या शुद्ध शाकाहारी आजी त्याच परळांशेजारी रोज मूठभर ज्वारी टाकायच्या. "आपण चांगलं वळण लावलं तर तोही दाणे खाईल." पाणी बघून चिमण्या-साळुंक्या आल्या, ज्वारी बघून होले आले, आणि होले बघून शिक्रा आला. अख्ख्या मोसमात त्याला बागेबाहेर जावं लागलं नाही. आजी मोठ्या समाधानानं सांगत होत्या, "ज्वारी अंगी लागली त्याच्या." लागलीच होती, होल्यामार्फत.

पिलं उडाल्यावर साडूभाऊंचा फोटो आला. बागेच्या फाटकावर फ्लेक्स, 'यशाची उज्ज्वल परंपरा कायम!' खाली तीन पिलांचे पासपोर्ट छाप फोटो, उडण्याच्या क्रमानं प्रथम, द्वितीय, तृतीय. चौथं अंडं उबलंच नव्हतं. त्याचा उल्लेख नाही. तळाशी, 'पुढील बॅचसाठी नावनोंदणी सुरू.'

आमच्याही घारीची पिलं उडाली. टोपलीतलं सगळ्यात शेवटी, पण उडालं. घरटं रिकामं झालं, समिती भरलेलीच आहे. आता घार नसल्यामुळं बैठका निलगिरीच्या सावलीतच होतात आणि सगळे उघड्या डोक्यानं येतात. अध्यक्षांना कळलंय, की ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला आठवडा. त्यांची सूचना अशी, की घारीनं पुढच्या वर्षी अंडी नोव्हेंबरात घालावीत, म्हणजे पाहुणे मिळतात. हा निरोप तिच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी सचिवावर आहे.

घारी बहुधा जुन्याच जागी परततात, त्यामुळं जानेवारीत ती येईलच. तुमच्याही बागेत कदाचित येईल. तेव्हा एक विनंती. लांबून बघा, पिलं उडेपर्यंत त्या झाडाची छाटणी थांबवा, खाली खरकटं टाकून कावळे बोलावू नका, पिल्लू पडलं तर १९२६ लावा, आणि टक्कल असेल तर हेल्मेट घाला. बाकीचं सगळं तिला येतं. आणि समिती करायचीच असेल, तर कृपा करून घरटं नसलेल्या बागेत करा.